बावीस किलोंची गादी

माशिलामणीने थोरल्या भाचीला लग्नात दिलेल्या गादीला आठव्या महिन्यात खड्डा पडला, आणि त्या खड्ड्याला त्याचं नाव पडलं.

भाचीची सासू आंडाळम्मा पाहुण्यांदेखत सुनेला सांगायची, "पूंगोडी, तो तांब्या मामाच्या खड्ड्याकडे नको ठेवूस, कलंडेल." बाईच्या आवाजात राग नसायचा. पोस्टमनला पत्ता सांगावा, तसं ती सांगायची. गादी फोमची होती आणि तिच्यासोबत दहा वर्षांच्या हमीचं कार्ड मिळालं होतं. कार्ड अजून उत्तम स्थितीत होतं. दुकान मात्र बंद पडून तिथे आता मोबाइलची कव्हरं विकत होते.

ही गोष्ट इथेच संपली असती, पण धाकट्या भाचीचं, इळवरसीचं लग्न ठरलं. माशिलामणीच्या लोकांत पलंग देतो मुलीचा बाप, उशा देते आत्या आणि गादी देतो आईचा भाऊ. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे यात सूटही मिळत नाही. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी आहेराची मिरवणूक निघते. पुढे नादस्वरम वाजवणारे, मागे ताटं घेतलेल्या बायका आणि सगळ्यांत शेवटी टेम्पोवर मामाची गादी, उभी बांधलेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून नीट दिसावी अशी. मग ती मांडवात आडवी ठेवतात आणि दोन्हीकडच्या बायका येऊन तिच्यात मूठ दाबून पाहतात. या लग्नालाही आंडाळम्मा येणार होती. तिची मूठ अख्ख्या बोडीनायकनूरला ठाऊक होती.

"दुसरा खड्डा पडला," इळवरसीची आई, अक्का, भावाला म्हणाली, "तर मी तुला मांडवात मामा म्हणून उभा करणार नाही. शेजारच्या करुप्पय्याला करीन."

"तो माझ्याहून लहान आहे."

"त्याच्या गाद्या टिकतात."

माशिलामणीने गादीसाठी साडेसहा हजार बाजूला काढले होते. त्याला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. सोफा वगैरे आहेर देणाऱ्यांत तो बसत नव्हता, पण खड्डा देणाऱ्यांतही त्याला बसायचं नव्हतं. अडचण आणखी एक होती. नवरानवरीच्या आधी त्या गादीवर कुणी पाठ टेकायची नाही, असा नियम. म्हणजे जी वस्तू झोपून पाहून घ्यायची, ती न झोपता घ्यायची, आणि वर ती वीस वर्षं टिकली पाहिजे.

आधी तो बायकोला घेऊन तेनीच्या मोठ्या दुकानात गेला. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने त्याला सांगितलं, "अंकल, आडवं होऊन बघा. ही नमुन्याची आहे, तुमची वेगळी, प्लॅस्टिकमध्ये येईल." नमुन्यावर झोपायला नियमाची हरकत नव्हती. माशिलामणीने चपला काढल्या, आडवा झाला आणि पंचवीस मिनिटांनी त्याला बायकोने उठवलं.

"किंमत विचारा," पेच्चियम्मा म्हणाली.

किंमत तेवीस हजार होती.

"दहा वर्षांची हमी आहे, अंकल."

"हमी कुणाची?" माशिलामणीने चपला घालत विचारलं. "गादीची की दुकानाची?"

मुलाला हे शिकवलेलं नव्हतं. दोघं बसने परत आली.

"मी पहिल्यापासून सांगतेय, मीरान भाईंकडे चला," पेच्चियम्मा बसमध्ये म्हणाली. "आपली गादी कुणी भरली? त्यांच्या वडिलांनी. माझ्या मामाने दिलीय ती, चोवीस वर्षं झाली. खड्डा दिसतो कुठे?"

"तुझा मामा तोलून घेत होता का?"

"माझा मामा शहाण्या माणसाकडून घेत होता."

मीरान रावुत्तरचं आवार गावाच्या टोकाला, चिंचेखाली होतं. पांढऱ्या सावरीची बोंडं फोडून तो कापूस काढायचा, जाळी लावलेल्या खोलीत काठीने झोडून सरकी वेगळी करायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत गादी भरायचा. त्याच्या भुवयांवर आणि दाढीत कापूस अडकलेला असे. त्यामुळे चाळिशीतच तो पासष्टीचा दिसे, आणि धंद्याला ते बरंच होतं. त्याने हिशेब सांगितला. चौदा किलो सावर तीनशेवीसच्या भावाने, गादीपाटाचं कापड अकराशे, शिलाई सहाशे.

"सहा हजार एकशे ऐंशी," माशिलामणी त्याच्या आधी म्हणाला. "चौदाच किलो?"

"सहा बाय पाचला चौदा पुरे, मणी अण्णा."

चौदा हा आकडा माशिलामणीला पटेना. एकतीस वर्षं तो वेलदोड्याच्या लिलावात तोलारी होता. तिथे लिटरचं माप वेलदोड्याने भरायचं, वरून फळी फिरवायची आणि तोलायचं. माप जड भरलं तर दाणा ठोस, हलकं भरलं तर बोंड पोकळ आणि व्यापारी लबाड. एवढा एकच नियम होता आणि एकतीस वर्षांत तो एकदाही खोटा पडला नव्हता. त्यामुळे माशिलामणीने तो हळूहळू इतरत्रही लावायला घेतला. कलिंगड, कुकर, छत्री. पूंगोडीसाठी स्थळ पाहायला गेले तेव्हा तो बाहेर येऊन एवढंच म्हणाला होता, "मुलगा हलका वाटतो." निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी त्याला शाल आणि एक ताणकाटा दिला होता. शाल कपाटात होती. काटा पिशवीत, नेहमी बरोबर.

"मी अठरा किलो धरून चाललो होतो," तो म्हणाला.

"अण्णा, सावर तोलून घ्यायची नसते. दाबून घ्यायची असते." मीरानने मूठभर कापूस घेऊन आवळला आणि सोडला. कापूस दमादमाने वर आला. मग त्याने चिमूटभर कापूस पाण्याच्या पेल्यात टाकला. तो वर तरंगत राहिला, ओलासुद्धा झाला नाही. "हलकी, म्हणून तर सावर. जड झाली की समजायचं, आत सावरीचे सोयरे शिरलेत."

"दाबलेलं खोटं बोलू शकतं, भाई. काटा नाही बोलत."

"काटा खोटं नाही बोलत. विचारलं तेवढंच सांगतो."

हे वाक्य पेच्चियम्माने ऐकलं. माशिलामणीनेही ऐकलं, पण त्याला ते धंदेवाल्याचं बोलणं वाटलं. एकतीस वर्षं हलका माल घेऊन आलेला प्रत्येक माणूस असंच काहीतरी छान बोलायचा.

दुसऱ्या दिवशी, पेच्चियम्माला न सांगता, तो बसस्टँडमागच्या सबापतीकडे गेला. सबापतीकडे गाद्या तयार होत्या, शिवलेल्या, चकचकीत निळ्या कापडाच्या, फुलाफुलांच्या. त्याला लोकांच्या आवडी चटकन कळत. पिशवीतून डोकावणारा काटा पाहून तो म्हणाला, "तोला ना, अय्या. आमच्याकडे लपवाछपवी नाही."

गादी वाशाला टांगली. काटा बावीसवर थांबला. माशिलामणीने तो टिचकी मारून हलवला, पुन्हा पाहिला. बावीस.

"शुद्ध सावर?"

"अय्या, तुम्ही तोलारी. तुम्हाला मी काय सांगणार."

खरोखर त्याने काही सांगितलं नाही. किंमत चार हजार चारशे. माशिलामणीने तिथल्या तिथे भागाकार केला. इथे किलो दोनशेला पडत होता, मीरानकडे चारशे एक्केचाळीसला. आठ किलो माल जास्त आणि सतराशे ऐंशी रुपये कमी. निवृत्तीनंतर प्रथमच आपला कुणाला तरी उपयोग आहे असं त्याला वाटलं. दोन हमालांनी गादी रिक्षावर चढवली तेव्हा एक जण कण्हला. माशिलामणीने ती पावती समजून जपली.

घरी पेच्चियम्माने गादीकडे पाहिलं. मग मूठ दाबली. मूठ काढली तरी खळगा तसाच राहिला.

"ही वर का येत नाही?"

"ठोस आहे."

"पाटा पण ठोस असतो, अहो."

"बावीस किलो आहे," माशिलामणी म्हणाला. त्यापुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही असं त्याला वाटलं. पेच्चियम्मालाही तसंच वाटलं, पण वेगळ्या कारणाने.

गादी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली. लग्नाला नऊ दिवस होते. पहिल्या दिवशी ती ताठ उभी होती. तिसऱ्या दिवशी तिचा वरचा भाग जरा रिकामा दिसू लागला आणि खालच्या भागाला पोट सुटलं. पाचव्या दिवशी माशिलामणीने ती उलटी करून ठेवली. सहाव्या दिवशी पोट पुन्हा खाली आलं. वेलदोड्याच्या पोत्यात असं कधी होत नसे. तो येता-जाता गादीला नुसता हात लावायचा आणि हात मागे घ्यायचा, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

सातव्या दिवशी दुपारी अक्का आणि पेच्चियम्मा पत्रिका वाटायला बाहेर पडल्या. घरात तो आणि गादी, दोघंच. माशिलामणीने नियमाचा नीट विचार केला. नवरानवरीआधी गादीवर कुणी झोपायचं नाही. झोपायचं नाही. डोळे उघडे ठेवून नुसतं आडवं होणं, तेही तपासणीसाठी, याला झोपणं म्हणता येणार नाही. लिलावात वेलदोडा फोडून पाहतातच की. त्याने दार लोटलं, गादी जमिनीवर अंथरली, धोतर सारखं केलं आणि पाठ टेकली.

पहिल्या मिनिटाला पाठीखाली काहीतरी टोचलं. तो सरकला, तिथे गोळा होता. गोळ्यापासून सरकला तर घळ लागली, आणि घळीतून बाहेर यायला कुशीवर वळावं लागलं तेव्हा आत काहीतरी करकरलं. तारुण्यात पावसाळी लिलावाच्या वेळी तो पोत्यांवर पडायचा. ती पोती याहून प्रेमळ होती. दहा मिनिटांत त्याला सगळं कळलं. नियम मोडला नव्हता, याबद्दल मात्र तो निश्चिंत होता, कारण त्या गादीवर झोप लागणं कुणालाच शक्य नव्हतं.

तो विचार करत तसाच पडून राहिला, छातीवर दोन्ही हात ठेवून. पत्रिकांचा गठ्ठा विसरला म्हणून अक्का आणि पेच्चियम्मा वाटेतून परत आल्या, त्यांनी दार ढकललं.



"ऊठ," अक्का म्हणाली.

"मी झोपलो नव्हतो, अक्का."

"मग काय करत होतास?"

"तपासत होतो."

"नवरा कोण आहे या लग्नात? मुलाकडच्यांना कळवायला पाहिजे, बदल झालाय म्हणून." अक्काने गठ्ठा उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि ओट्याच्या पायरीवर बसली. "साठीच्या म्हाताऱ्याने लोळलेली गादी मी माझ्या पोरीला देऊ? आणि मण्या, तुझा चेहरा बघ. चांगली असती तर तुला झोप लागली असती. तुला तर तेनीच्या दुकानात लागली होती."

हे पेच्चियम्माने तिला सांगितलेलं दिसत होतं.

पेच्चियम्माने स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि गादीच्या कोपऱ्याचे चार टाके उसवले. आत बोटं घालून तिने जे बाहेर काढलं त्यात थोडी सावर होती, बरीच सरकी होती, आणि निळ्या, पिवळ्या, गुलाबी चिंध्या होत्या. एका चिंधीला बनियनच्या गळ्याची पट्टी अजून शाबूत होती. तिने पेलाभर पाणी आणून चिमूट त्यात टाकली. सावर वर राहिली. बाकीचं शांतपणे तळाशी गेलं आणि पाणी गुलाबी झालं.

माशिलामणी पेल्याकडे पाहत राहिला. बावीस किलो खरेच होते. काट्याने फसवलं नव्हतं. कशाचे बावीस, ते त्याने काट्याला विचारलंच नव्हतं.

सबापती माल परत घेत नसे. ते त्याच्या गल्ल्यामागे मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि माशिलामणीने ते वाचून मान डोलावली होती. हातात एकवीसशे उरले होते आणि मधे दोन दिवस.

"करुप्पय्याला सांगून ठेवते," अक्का उठत म्हणाली. "त्याच्याकडे पांढरा शर्ट आहे."

तेव्हा पेच्चियम्मा आतल्या खोलीत गेली. ती आपल्या पलंगावरची चादर काढून घडी घालतेय, हे माशिलामणीला आवाजावरून कळलं. मग ती गादीचं एक टोक धरून ओढत बाहेर आली. चोवीस वर्षांत ही गादी दर वर्षी उन्हाळ्यात गच्चीवर आठ दिवस पडायची, आणि दर चार-पाच वर्षांनी मीरानकडे जाऊन पिंजून यायची. गेल्या खेपेला निम्मी सावर नवी भरली होती. माशिलामणी त्या वेळी लिलावावर होता. गादी कधी जाते नि कधी येते, याची त्याने कधी चौकशीही केली नव्हती.

"कापड जुनं आहे," ती म्हणाली. "आतलं नाही. भाईंना पिंजून द्यायला सांगू, नवं कापड घालून घेऊ. एकवीसशेत होतं."

"आणि आपण?" माशिलामणीने विचारलं.

"आपल्याला ठोस आहे की."

"पेच्ची, ती तुझी गादी. तुझ्या मामाने दिलेली."

"मग मामाचीच झाली ना. कुठलाही मामा चालतो, गादी बरी पाहिजे."

अक्का अडखळली. तिला ओरडायचं होतं आणि ओरडण्यासारखं काही सापडत नव्हतं. "दुसऱ्यांनी वापरलेली," ती शेवटी म्हणाली.

"अक्का, या गादीवर माझे दोघे मुलगे झाले, दोघंही धड आहेत, कमावतात. तुमच्या भावासारखा माणूस चोवीस वर्षं यावर घोरला, तरी तिने खड्डा पडू दिला नाही. याहून चांगला शकुन तेनीच्या दुकानात तेवीस हजारांना मिळत नाही. मी मांडवात उघड सांगीन."

अक्काने थोडा विचार केला. "घोरण्याचं नको सांगूस," ती म्हणाली. "बाकी चालेल."

मीरानने गादी उलगडली तेव्हा आपल्या वडिलांचे टाके ओळखले आणि जरा वेळ नुसता हात फिरवला. जुनी सावर पिंजल्यावर धूळ खाली बसली आणि उरलेली खोलीभर उडाली, नव्यासारखी. कापडाचे अकराशे, मजुरीचे सहाशे आणि उरलेल्या चारशेची नवी सावर, असे एकवीसशे तंतोतंत लागले. माशिलामणी दिवसभर समोर बसून होता. पिशवी आणली होती, पण पेच्चियम्माने तिच्यातला काटा काढून घरी ठेवला होता. तो दोनदा पिशवीत हात घालून बसला आणि दोनदा त्याने हात रिकामा बाहेर काढला. शिलाई संपल्यावर मीरानने गादीत मूठ दाबली आणि बाजूला झाला.

"दाबा, मणी अण्णा."

माशिलामणीने दाबली. मूठ मनगटापर्यंत आत गेली. त्याने ती काढली, तशी गादी हळूहळू, घाई न करता, आपल्या जागी आली. एखादा माणूस बोलणं ऐकून घेतो आणि मग आपलं तेच करतो, तशी.

"किती भरली असेल?" त्याने न राहवून विचारलं.

"भरली आहे," मीरान म्हणाला.

आदल्या दिवशी मिरवणूक निघाली. टेम्पोवर गादी उभी होती, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची, आणि रस्त्यात कुठेही तिला पोट सुटलं नाही. मागून माशिलामणी पांढऱ्या शर्टात चालत होता. त्याची चाल जरा वाकडी होती. दोन रात्री तो आणि पेच्चियम्मा बावीस किलोंवर झोपले होते. पहिल्या सकाळी पेच्चियम्मा म्हणाली होती, "माझ्या बाजूला गळ्याची पट्टी आहे बहुतेक." आणि त्याने बाजू बदलून दिली होती. दुसऱ्या सकाळी कळलं की त्याच्या बाजूला बाह्या होत्या.

मांडवात गादी आडवी ठेवली. बायका आल्या, दाबून गेल्या. मग गर्दीत वाट झाली आणि आंडाळम्मा आली. तिने पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि मूठ दाबली. मूठ मनगटापर्यंत आत गेली. बाईच्या चेहऱ्यावर समाधान पसरू लागलं, तिला खड्डा सापडला होता. तिने मूठ काढली आणि खड्डा भरून येताना पाहत राहिली. पुन्हा दाबली, या वेळी कडेला. पुन्हा भरून आला. अक्का पाहत उभी होती. तिच्या बाजूला करुप्पय्याही उभा होता, त्यानेही पांढरा शर्ट घातला होता, का ते अक्काने त्याला सांगितलं नव्हतं.

"किती किलो?" आंडाळम्माने माशिलामणीला विचारलं.

"तोलली नाही."

बाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. बोडीत हे कुणी ऐकलं नव्हतं. "तुम्ही? तोलली नाही?"

"दाबून घेतली."

आंडाळम्माने बांगड्या पुढे घेतल्या. तिला काहीतरी म्हणायचं होतं, आणि आयुष्यात प्रथमच ते तिला आधी जुळवावं लागत होतं. "बरी आहे," ती म्हणाली. मग एवढं बोलून आपण फारच दिलं असं वाटून तिने पुढे जोडलं, "आमच्याकडचा मामाचा खड्डा तसाच आहे अजून. तिकडे पण पाठवा एखादी, अशीच न तोललेली."

माशिलामणीने बायकोकडे पाहिलं. पेच्चियम्मा कमरेवर हात ठेवून उभी होती. काल सकाळपासून ती तशीच उभी राहत होती.

"अशी एकच होती," पेच्चियम्मा म्हणाली. "तोललेली एक आहे. बावीस किलो. हवी तर आजच टेम्पोत घाला."